उंबरपाड्याचे होकार

दिलेला अंगठा परत मागायला कोणी येईल, असं हिंमतरावाच्या कधी मनातही आलं नव्हतं. नंदुरबारला स्टेशनच्या रस्त्यावर एका अडत दुकानाच्या माडीवर संशोधन पथकाची खोली होती. चौसष्ट सालचा चैत्र. गावाबाहेरच्या माळावर मिरच्यांच्या शेवटच्या पथाऱ्या अजून वाळत पडलेल्या, आणि वाऱ्याची झुळूक आली की गावभर एकदम ठसका उठायचा. तसाच एक ठसका त्याला लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि रुमालानं डोळे पुसून त्यानं वर पाहिलं तर समोर ती उभी. पन्नाशीची असेल, साठीचीही असेल. गुडघ्यापर्यंत काचा मारलेलं लुगडं, अनवाणी पावलं धुळीनं पांढरी झालेली. जिना चढताना तिनं कुणाला विचारलं नव्हतं आणि आत येतानाही विचारलं नाही. टेबलाशी येऊन तिनं डावा अंगठा त्याच्यापुढे धरला, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं आणि त्यानं ते वाचायचं होतं.

"डाक्तर, मन्हा आंगठा परत दे."

डोंगरातली बाई, पण नवापूरच्या बाजारात चारोळ्या विकून विकून बाजाराची अहिराणी तिच्या जिभेवर बसलेली. हिंमतराव शहाद्याकडचा, कळसाडीचा, गुजर शेतकऱ्याच्या घरचा. पुण्याला जाऊन डॉक्टर झाल्यापासून त्याची अहिराणी फक्त घरी चालायची. ऑफिसात ती कानावर पडली तशी त्याला शर्टाची वरची गुंडी उघडी राहिल्यासारखं वाटलं. "कसाना आंगठा?" त्यानं विचारलं.

"कागदवरना. फागुनमा उंबरपाडाले लिन्हा व्हता तू. मन्ही वहूना नावे मी दिन्हा. तो आते परत दे."

मग त्याला आठवलं. बुधीबाई. उंबरपाड्याची सुईण. आजूबाजूच्या पाच पाड्यांवरची बाळंतपणं हिच्याच हातची. सून रमीबाई, सहावा महिना, क्रमांक सतरा. त्याला क्रमांक आधी आठवला आणि चेहरा आठवलाच नाही, याची त्याला त्या वेळी लाज वाटली नाही. ती पुढे वाटायची होती.

पथकाचं काम साधं होतं. डोंगरातल्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी. त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या तर किती फरक पडतो, ते मोजायचं. पाच पाड्यांतल्या एकोणतीस बायका. काहींना खरी गोळी, काहींना अगदी तशीच दिसणारी, तशीच लाल, पण आत नुसती दुधाची साखर. कुणाला कुठली, याची यादी मुंबईला पथकाचे प्रमुख डॉक्टर मोघ्यांच्या कपाटात बंद. मुद्दामच बंद, कारण देणाऱ्याला कळलं तर त्याच्या नजरेतून घेणाऱ्याला कळतं, आणि मग मोजमापात माणसाची आशा मिसळते. हिंमतरावाला ही कल्पना फार आवडली होती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या स्वच्छपणानं तो भारून गेला होता. गाळलेल्या पाण्यासारखी कल्पना, तळ दिसणारी.

"काय व्हयनं? गोया बाधन्यात का?" त्यानं विचारलं.

ती खाली बसली. खुर्ची होती, पण ती जमिनीवर बसली आणि बोलू लागली, घाई न करता. ती सुईण. बाई काय खाते तेही विचारते आणि परसाकडे काय होतं तेही विचारते. त्याशिवाय पोटातलं कसं कळणार? तर या गोळ्या सुरू झाल्यापासून काही बायांना परसाकडे काळं होतं. कोळशासारखं. काहींना होत नाही. गोळीचा रंग एकच, पुडीही एकच. एकीनं काळं होतं, एकीनं होत नाही, म्हणजे गोळी एक नाही. ज्यांना काळं होतं त्यांच्या डोळ्याची आतली कड महिन्याभरात लाल झाली. ज्यांना होत नाही त्यांची पांढरी ती पांढरीच. रमीची पांढरी. "आते सांग," ती म्हणाली, "खरी गोयी कोन्ही शे?"

लोहाच्या गोळीनं मळ काळा होतो, हे तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं एक वाक्य. ते हिंमतरावाला पाठ होतं. मोघे सरांना पाठ होतं. मुंबईतल्या त्या लांब टेबलाभोवती बसून ज्यांनी हा प्रयोग आखला त्या सगळ्यांना ते पाठ होतं. गोळीचा रंग, आकार, चव, सगळं त्यांनी सारखं केलं, आणि पाच पाड्यांत कुणी बाई दुसऱ्या बाईला हे विचारील, विचारलेलं लक्षात ठेवील आणि दोन्हींवरून तिसरं काढील, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"माले माहीत नई," तो म्हणाला. हे खरं होतं.

"तुले माहीत नई?" ती हसली नाही, चिडली नाही. तिला नुसतं नवल वाटलं, आणि त्या नवलानंच त्याला घायाळ केलं. "तू डाक्तर शे ना? माहीत नई मंग देस काब्र?"

उत्तर होतं. उत्तर छापील होतं, चांगलं होतं. पण ते त्याला पुण्याच्या भाषेतच येत होतं. आईच्या भाषेत त्याची जुळवाजुळव करायला गेला तर पहिल्या शब्दालाच ते मोडून पडायला लागलं. तुला न सांगता, तुझ्या सुनेला, आम्ही. बस, इथपर्यंतच. पुढचं वाक्य अहिराणीत होईना.

त्यानं तिला अंगठा परत दिला नाही. कागद मुंबईला गेलेत, म्हणाला. उंबरपाड्याला येतो, सगळं सांगतो, म्हणाला. ती उठली, "ये" म्हणाली आणि दुपारच्या पॅसेंजरसाठी स्टेशनकडे चालती झाली. माडीच्या खिडकीतून तिची पाठ त्याला बराच वेळ दिसत होती. कुणीतरी परीक्षेचा पेपर हातात देऊन निघून जावं आणि पहिला प्रश्नच कळू नये, तसं त्याला झालं.

त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष लागलं नाही. रकाने भरायला बसायचा आणि फाल्गुनातली ती सकाळ डोळ्यांपुढे यायची. गावचा कारभारी नारसिंग याचं अंगण. सारवलेली जमीन, पळसाच्या पानांचा ढीग, एका बाजूला गडीमाणसं आणि दुसरीकडे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. तो संमतिपत्रक वाचत होता. बाहेरदेशी हल्ली असा कागद मागतात, म्हणून मोघे सरांनी छापून घेतलं होतं. भाषा सुंदर. "सदर प्रयोगाचे स्वरूप मला समजावून देण्यात आले असून मी स्वेच्छेने." आपला आवाज तेव्हा आपल्यालाच आवडत होता, हे त्याला आठवलं. दहा मिनिटं वाचलं. मग शाळामास्तर पौलसनं त्यांच्या बोलीत सांगितलं, आणि त्याला लागला दोन श्वासांएवढा वेळ. त्याचं तेव्हाही नवल वाटायला हवं होतं. मग नारसिंगनं मान हलवली, आणि शाईच्या पेटीवर अंगठे येऊ लागले, नवऱ्यांचे, सासवांचे, काही त्या बायकांचे स्वतःचे. कुणी काही विचारलं नाही. किती समजूतदार लोक, असं त्यानं सरांना त्याच दिवशी लिहिलं होतं.

आणि त्या सकाळच्या मागून, न बोलावता, दुसरी एक सकाळ यायची. कळसाडीचं घर, वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाची सुट्टी. आई, तापीबाई, ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली. काका, वडील, शहाद्याहून आणलेला डॉक्टर, सगळे पुरुष अंगणात उभे राहून बोलत होते; धुळ्याला न्यावं लागेल, पिशवी काढावी लागेल. तोही त्या घोळक्यात होता. पहिल्यांदाच मोठ्या माणसांत उभा राहिलेला, इंग्रजी शब्द कळणारा, एकोणीस वर्षांचा. आईला गाडीत बसवलं, खाली कपाशीच्या सरकीची पोती घातली, वर गोधडी. बैल निघाले तेव्हा तिनं त्याच्याकडे वळून विचारलं, "माले कथा ली जाई ऱ्हायनात रे?" त्याला माहीत होतं. गाडीत बसलेल्यांत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तो म्हणाला, "काही नई व माय, दवाखानामा." तिनं पुन्हा विचारलं नाही. धुळ्याला सातव्या दिवशी ती गेली. ऑपरेशन चुकलं नव्हतं, सगळं रीतसर झालं होतं, आणि वाचणं कठीणच होतं. एवढ्या वर्षांत त्यानं स्वतःला हे नीट समजावलं होतं. पण तिनं ते विचारलं तेव्हा तिला बहुतेक मरणाची भीती नव्हती. तिला फक्त आपण कुठे चाललोय ते हवं होतं. शहाण्या बाईला हवं असतं तेवढंच.

त्यानं मोघे सरांना लांबलचक पत्र लिहिलं. टपाल जाऊन उत्तर यायला आठ-दहा दिवस. उत्तराची वाट बघायची, असं ठरवूनच तो नवापूरच्या गाडीत बसला. फक्त पौलसला भेटायला. रंगावली नदीच्या पलीकडे डोंगर सुरू होतात, तिथून दीड तास चाल. पौलस शाळेच्या मागच्या आवारात मिशनमधून आणलेल्या पपईच्या रोपांना पाणी घालत होता. सावकाश बोलणारा, किडकिडीत माणूस, गळ्यात दोऱ्यात ओवलेला छोटा लाकडी क्रूस.

"मास्तर, फाल्गुनात मी एवढं वाचलं, तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

पौलसनं तांब्या खाली ठेवला. "ताकदीच्या गोळ्या आहेत, सरकारी आहेत, अंगठा द्या."

"बस?"

"तुम्हीच म्हणाला होता साहेब, थोडक्यात सांगा." मग तो म्हणाला, "आणि खरं सांगू? तुम्ही वाचत होता त्यातलं मलाही पुरतं कळलं नव्हतं. पण तुमच्यापुढे विचारायचं कसं? मी मास्तर."

हिंमतरावाला वाटलं, एका अंगणात एवढी माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाला दुसऱ्याला कळलंय असं वाटत होतं. "तुमच्या बोलीत संमतीला काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"शब्द आहे ना." पौलसनं तो शब्द उच्चारला, छोटा, मऊ. "सोयरीक आली की मुलीला विचारतात, तेव्हाचा तो. पण मग तिला एकटीला विचारावं लागतं, बाप-भाऊ उठून जातात. आणि ती गप्प राहिली तर ते 'हो' नाही धरत. आमच्याकडे गप्प म्हणजे नाही."

गप्प म्हणजे नाही. फाल्गुनातलं ते अख्खं अंगण गप्प होतं. हिंमतराव शाळेच्या पायरीवर बसला. सरांच्या उत्तराची वाट पाहायची हे जे ठरवलं होतं, ते त्या पायरीवर कधी गळून पडलं ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. त्याला धैर्य आलं असंही नाही. सरांनी त्याला निवडलं होतं, परदेशी पाठवायचं बोलले होते, कळसाडीला काका येईल त्याला ते सांगत होते. फक्त आता उठून परत गाडीत बसलो तर कुठली बैलगाडी आपण पुन्हा हाकतोय, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"मास्तर, उद्या सगळ्यांना बोलवा. या खेपेला मी आधी तुम्हाला सांगतो. तुम्हाला कळेपर्यंत सांगतो. मग तुम्ही त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कौलाखाली पाचही पाड्यांची माणसं जमली. गोरगरीब मजूर बायका, काहींच्या कडेवर आधीचं मूल. नारसिंग पुढच्या रांगेत. बुधीबाई भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिच्याजवळ रमीबाई, अठरा-एकोणीस वर्षांची, फिकट, ओठ मातीच्या रंगाचे. क्रमांक सतरा. हिंमतरावानं तिच्याकडे पाहिलं आणि आता मात्र त्याला लाज वाटली.

सांगायला सबंध सकाळ लागली. पौलस सांगायचा, थांबायचा, हिंमतरावाला विचारायचा, पुन्हा सांगायचा. दोन गोळ्या आहेत. एकीत लोह आहे, एकीत दुधाची साखर. कुणाला कुठली ते मुंबईला माहीत, मला नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. नको असेल तिनं नाही म्हणायचं, तिच्यावर कुणी रागावणार नाही, तिला खरी गोळी मिळेल. हे शेवटचं त्याच्या हातातलं नव्हतं, पण आदल्या संध्याकाळी नवापूरच्या दवाखान्यात जाऊन लोहाची बाटली त्यानं स्वतः उचलून आणली होती.

मागून कुणीतरी विचारलं, साखर देऊन काय कळतं? पौलसनं शेताचं सांगितलं. एका वावरात खत घातलं, दुसऱ्यात नाही घातलं, तरच खतानं काय होतं ते कळतं ना? माना हलल्या. हे सगळ्यांना पटलं. हिंमतरावालाही बरं वाटलं, आणि तेवढ्यात बुधीबाई काहीतरी बोलली, तिच्या बोलीत, मोठ्यानं नाही. पौलसनं त्याच्याकडे वळून शाळेच्या मराठीत सांगितलं, "ती म्हणते, बरोबर आहे. पण वावराला विचारायला लागत नाही. बाईला तोंड आहे."

नारसिंग उठला. चांगला माणूस, गावाची काळजी असलेला. गावातर्फे मी सांगतो, म्हणाला, डॉक्टर खरं बोललाय, आपण हो म्हणू. बुधीबाई त्याच्याशी भांडली नाही. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि वडीलधाऱ्या बाईनं सांगावं तसं काहीतरी सांगितलं. पौलस हळूच म्हणाला, "ती म्हणते, तुम्हा गड्यांच्या पोटात काही नाही. बाहेर बसा, विडी ओढा." हशा उठला, नारसिंगही हसला आणि गडीमाणसं खरंच बाहेर गेली. मग ती बायकांकडे वळली. हिंमतरावाला तिचा एक शब्दही कळत नव्हता, पण ती आपलं काहीतरी कबूल करते आहे हे हातांवरून दिसत होतं. डावा अंगठा वर धरून ती सुनेकडे बघत बोलत होती. पौलसनं सांगितलं, "ती म्हणते, चूक डॉक्टरचीच नाही, माझीही आहे. रमीचा अंगठा मी दिला. तिला विचारलं नाही. सासू म्हणून दिला."

दवाखान्यात, कॉलेजात, सरांच्या त्या लांब टेबलापाशी, एवढ्या वर्षांत त्यानं पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती. चूक सापडली की ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणारी हुशारी त्याच्या ओळखीची होती, त्याची स्वतःची होती. ही बाई चार तासांची वाट काढून त्याची चूक त्याच्या दारात घेऊन आली होती, आणि आज भरल्या शाळेत तिनं आपलीही काढून तिच्याशेजारी ठेवली. त्याला वाटलं, उठावं आणि तिच्या पाया पडावं. पण ते तिला अडचणीत टाकण्यासारखं झालं असतं. तो बसून राहिला.

मग एकेक बाई शाळेच्या आतल्या खोलीत यायची. आत फक्त हिंमतराव आणि पौलस. बुधीबाई दारात बसलेली, पाठ आत, तोंड बाहेर, म्हणजे सासू-नवरा कुणी डोकावू नये. पहिली रमीबाई आली. पौलसनं तो छोटा मऊ शब्द वापरून विचारलं. ती गप्प. हिंमतरावाला सवयीनं पुढच्या प्रश्नाकडे जायचं होतं. पौलसनं बोट वर केलं. थांबले. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं, कौलावर चिमण्या चालत होत्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिनं मान वर केली आणि एकदम, भराभर बोलली. "तिला खरी हवी," पौलस म्हणाला. "म्हणते, मला उठताना डोळ्यांपुढे अंधार येतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. सासूलापण नाही."

त्यानं तिची परवानगी घेऊन बोटातून रक्त काढलं, काचेच्या नळीत तपकिरी रंग जुळवून पाहिला. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली, असायला हवं त्याच्या निम्मं. प्रत्येक क्रमांकाचं एक सीलबंद पाकीट त्याच्याजवळ असायचं, जिवावर बेतलं तरच फोडायचं. सतराचं त्यानं तिथेच फोडलं. साखर. दारात पाठमोऱ्या बसलेल्या बुधीबाईला कुणी काही सांगितलं नाही, पण पाकीट फाटल्याचा आवाज तिनं ऐकला असावा. तिची पाठ थोडी वाकली, आणि पुन्हा ताठ झाली.

एकोणतिसातल्या अकरा जणी नको म्हणाल्या. अठरा राहिल्या. रक्त फार उतरलं तर तुझंही पाकीट त्याच दिवशी फोडीन, असं त्यानं प्रत्येकीला सांगितलं. शेवटच्या काहींत कालीबाई आली, थोराड अंगाची, तिसऱ्या खेपेची, हसरी. ती म्हणाली, मला काळं होत नाही, म्हणजे माझी गोड गोळी, हे मला बुधीनं सांगितलंय. तरी मी राहते. माझं अंग चांगलं आहे, मी दगड उचलते. पुढच्या बायांचं काय ते कळू दे. पौलसनं हे सांगितल्यावर हिंमतराव म्हणाला, पुन्हा विचारा, नीट कळलंय ना. पौलसनं पुन्हा विचारलं. ती जरा रागावलीच. "म्हणते, मला कितीदा विचारणार? ऐकू येतं मला."

मोघे सरांचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. संमतिपत्रके रीतसर आहेत. गैरसमज वाढवू नयेत. ते वाचून झाल्यावर त्यानं आपण काय केलं ते तारेनं कळवलं, आणि ज्येष्ठात सर स्वतः आले. माडीवरच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. ते रागावले नाहीत, हेच त्याला जड गेलं. "हिंमत, तू पाच पाडे मारलेस," ते म्हणाले. "यातलं काहीही आता छापता येणार नाही." मग खिडकीबाहेर पाहत, "ती म्हातारी इथे चढून आली, एकटी?" "हो सर." "हं," ते म्हणाले. त्यांनी नळीच्या, रक्ताच्या नोंदी नेल्या. पुढे अहवाल निघाला तेव्हा त्यात उंबरपाड्याचं नाव नव्हतं, हिंमतरावाचंही नव्हतं. परदेशचा विषय पुन्हा निघाला नाही. पथकातलं त्याचं काम पावसाळ्यानंतर संपलं आणि नवापूरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात जागा होती ती त्यानं घेतली. कळसाडीला काका म्हणाले, एवढं शिकून डोंगरात? त्याला वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं हलकं होतं, उचलता येण्यासारखं.

एक गोष्ट मात्र त्यानं सरांकडे मागितली होती, आणि आश्विनात ती रजिस्टर पोस्टानं आली. यादी, सरांच्या वळणदार अक्षरात. कुणाला कुठली गोळी. ज्यांनी खाल्ल्या त्यांना ते सांगायचं, अशी तेव्हा कुणाची रीत नव्हती. तो यादी घेऊन उंबरपाड्याला गेला. बहुतेक जणी बाळंत झाल्या होत्या. रमीबाई ओटीत मुलगी घेऊन बसली होती, ओठांना रंग आलेला, आणि सासूशी काहीतरी हुज्जत घालत होती. हिंमतरावाला ते ऐकून फार बरं वाटलं. बुधीबाईनं आधीच आपली वाटणी तोंडपाठ सांगितली, नावानं, एकदाही न अडखळता: ही खरी, ही गोड, ही खरी. तो यादीवर बोट फिरवत गेला. एकोणतिसात सत्तावीस बरोबर. दोन चुकल्या. चुकलेल्या कुठल्या ते तिनं विचारून घेतलं आणि पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणून पाहिलं. सत्तावीस बरोबर आल्याचं तिला काही नव्हतं. त्या दोघींत आपलं कुठे बघायचं राहिलं, याचाच ती विचार करत राहिली.

चुकलेल्यांत एक कालीबाई होती. ती शेवटी आली, पाठीला बाळ बांधलेलं, हाताला मळणीचं भूस चिकटलेलं. हिंमतरावानं आता थोडी बोली उचलली होती. मोडकीतोडकी, मुलं हसायची अशी. तरी त्यानं तिला स्वतःच सांगितलं: तुझी गोळी खरी होती. साखर नव्हती.

कालीबाईचा चेहरा पडला. पाच महिने ती पुढच्या बायांसाठी साखर खात होती, सगळ्या पाड्याला ते ठाऊक होतं, आणि आता हा येऊन म्हणतो ती साखर नव्हतीच. तिनं बाळाला पाठीवर सावरलं, भूस झटकलं, थोडा वेळ डोंगराकडे पाहिलं. मग हिंमतरावाकडे वळून बोट रोखून काहीतरी ठणकावून बोलली आणि बायकांत हशा पिकला. पौलस मराठीत सांगायला तोंड उघडणार, तोच हिंमतरावानं हात वर करून त्याला थांबवलं. प्रत्येक शब्द त्याला कळला होता. पुढच्या खेपेला गोड गोळी माझी, असं ती म्हणत होती. पण विचारायला यायचं, आणि मी काय म्हणते ते ऐकेपर्यंत थांबायचं.